फायबरमध्ये आता उरलंय काय?

"ताई, नमस्कार. भौतिकशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प सिलिकॉन फोटॉनिक्समधल्या (चिपवर प्रकाश खेळवण्याच्या तंत्रातल्या) रिंग रेझोनेटरवर केला, पण सगळा कॉम्प्युटरवर. खरी चिप अजून हातात घेतलेली नाही. आता दोन संधी एकदम आल्या आहेत. एक पीएचडीची जागा, विषय: कोहेरंट ऑप्टिकल कम्युनिकेशनमधली नॉनलिनिअर विकृती मशीन लर्निंगने दुरुस्त करणं. दुसरी ऑप्टिकल ट्रान्सीव्हर (विजेचे संदेश प्रकाशात आणि प्रकाशाचे विजेत बदलणारी मॉड्यूल) बनवणाऱ्या कंपनीत टेस्ट इंजिनिअरची नोकरी. दोघांनाही महिन्याभरात कळवायचं आहे. मोठा भाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणतो, 'फायबर टाकून झालं, आता त्यात उरलंय काय?' डिपार्टमेंटमधले सिनिअर म्हणतात, एकदा टेस्टिंगला गेलीस की संशोधनाची दारं बंद. आणि खरं सांगायचं तर माझं विद्युतचुंबकत्व कच्चं आहे, मॅक्सवेलची समीकरणं परीक्षेपुरती पाठ केली. काय करू? (कृपया नाव छापू नये.)"

तुझा भाऊ अर्धा बरोबर आहे. आणि तो जिथे बरोबर आहे तो भाग नेमका तुझ्या पीएचडीच्या विषयाला खेटून आहे, म्हणून आधी त्याचंच बोलणं घेते.

१९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी काचेच्या तंतूतून दूरवर संदेश नेता येतील असं मांडलं, तेव्हा उपलब्ध काचेत किलोमीटरमागे हजारेक डेसिबल प्रकाश वाया जात होता (दर दहा डेसिबलला प्रकाश एक दशांश उरतो). दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धीचा आहे. ऱ्हास २० डेसिबलपर्यंत आणला की काम होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. १९७० मध्ये कॉर्निंगच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी ती रेघ ओलांडली. आज साध्या सिंगल-मोड फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरला हा आकडा ०.२ डेसिबलच्या आसपास आहे. म्हणजे १०० किलोमीटर गेल्यावरही शंभरातला एक भाग प्रकाश शिल्लक राहतो, आणि १९८७च्या सुमारास साउदॅम्प्टन आणि बेल लॅब्समध्ये आकाराला आलेला अर्बियम अॅम्प्लिफायर त्या एकाचे पुन्हा शंभर करतो, तेही प्रकाशाची वीज न करता, एकाच वेळी अनेक तरंगलांब्यांचे. पुढे २०१०च्या आसपास कोहेरंट रिसीव्हर रुळले. प्रकाशाची नुसती तीव्रता मोजायची नाही, फेज आणि ध्रुवीकरणही मोजायचं, आणि हजार किलोमीटरमध्ये फाकलेले पल्स चिपवरच्या गणिताने परत गोळा करायचे.

तेव्हा काचेतून लांबवर प्रकाश नेता येईल का, हा प्रश्न सुटलेला आहे. आता प्रश्न एका तंतूतून अजून किती कोंबता येईल हा आहे, आणि तिथे कमाल मर्यादा डोळ्यांसमोर दिसते. गोंगाटावर मात करायला शक्ती वाढवावी तर केर परिणाम आडवा येतो: प्रकाशाच्याच तीव्रतेने काचेचा अपवर्तनांक हलतो आणि सिग्नल स्वतःला बिघडवून घेतो. शक्ती कमी ठेवली की गोंगाट, वाढवली की विकृती. मधे एक माथा असतो, तिथे बसून काम करायचं. तुला मिळालेला विषय हा माथा थोडा वर ढकलण्याचा आहे.

विषय खोटा नाही. पण त्यावर बऱ्याच वर्षांपासून पुष्कळ लोक बसलेले आहेत, आणि पत्र वाचून मला शंका आली की त्यातल्या अडचणी तुला कुणी सांगितलेल्या नाहीत. एका फायबरमधून ऐंशी-नव्वद तरंगलांब्या बरोबर धावतात, आणि तुझ्या चॅनलला जी इजा होते तिच्यातला मोठा वाटा शेजारच्या चॅनलांचा असतो. ते शेजारी तुझ्या रिसीव्हरपर्यंत येतच नाहीत. वाटेत कुठल्या तरी नोडवर दुसरीकडे वळलेले असतात. जे दिसत नाही ते न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामने, शिकायचं कसं? त्यामुळे प्रयोगशाळेत एकट्या चॅनलवर दिसलेला छान फायदा भरलेल्या फायबरमध्ये आक्रसून जातो. त्यात पुन्हा विजेचा हिशेब. कोहेरंट चिपला दर सेकंदाला अब्जावधी चिन्हं सोडवायची असतात आणि दर बिटमागे खर्चायला पिकोज्यूलच्या घरातली ऊर्जा मिळते. तुझं नेटवर्क त्यात मावत नसेल तर पेपर होईल, चिप होणार नाही.

आणि एक सापळा आहे. तो तुला आत्ताच माहीत असायला हवा. प्रयोगात पाठवायचा "यादृच्छिक" डेटा बहुतेक वेळा खरा यादृच्छिक नसतो. तो शिफ्ट रजिस्टरमधून येतो: आधीचे ठरावीक दोन-तीन बिट घ्यायचे, त्यांचा एक्सओआर करायचा (त्यांतले एक विषम असतील तर १, नाहीतर ०), तोच पुढचा बिट. उदाहरणार्थ सात पायऱ्यांच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक नवा बिट सहा आणि सात जागा मागच्या बिटांवरून ठरतो. न्यूरल नेटवर्कची खिडकी त्याहून रुंद असली की ते फायबरबद्दल काहीही न शिकता हा नियम शिकतं, पुढचा बिट आधीच ओळखतं आणि त्रुटींचा दर झपकन खाली येतो. संशोधक खूश. २०१७ मध्ये या फसगतीवर जाहीर बोललं गेलं, त्यानंतरही असे आलेख छापून आलेले मी पाहिले आहेत. गाइडला भेटशील तेव्हा विचार: प्रशिक्षणाला आणि चाचणीला कुठला डेटा वापरता, शेजारचे चॅनल चालू ठेवून मोजता का, आणि हिशेबात गुणाकारांची संख्या धरता का. ज्यांना या प्रश्नांचा राग येत नाही, उलट कपाटातून एखादा फसलेला आलेख काढून दाखवावासा वाटतो, अशा माणसाकडे हा विषय घेऊन चार-पाच वर्षं घालवायला हरकत नाही.

आता भाऊ जिथे चुकतो तिथे येऊ. त्याच्या डोक्यात फायबर म्हणजे समुद्राखालची केबल आणि रस्त्याकडेचा खड्डा. १९८८ मध्ये अटलांटिकखालून पहिली फायबर केबल, टीएटी-८, सुरू झाली तेव्हा एका जोडीतून सेकंदाला २८० मेगाबिट जात होते. आज बोटभर लांबीच्या ट्रान्सीव्हर मॉड्यूलमधून ८०० गिगाबिट जातात, म्हणजे जवळपास तीन हजार पट, आणि ते एखाद्या महासागरापलीकडे नाही तर बहुधा एका रॅकमधून पलीकडच्या रॅकमध्ये. प्रकाशाचं अंतर लांबत लांबत गेलं हे सगळ्यांना माहीत आहे. गेली वीस वर्षं ते आखूड होत चाललंय, हे बाहेर फारसं पोचलेलं नाही. कारण तांबं थकलंय. एका वायरजोडीतून १०० गिगाबिट पाठवायचे तर साधी तांब्याची केबल दोन-तीन मीटरच्या पुढे टिकत नाही, २०० गिगाबिटला एखाद मीटर. तुझ्या भावाचं एआय मॉडेल हजारो प्रोसेसरवर वाटून चालतं, आणि ते प्रोसेसर एकमेकांशी अखंड बोलत असतात. एका मॉड्यूलला पंधरा वॉटच्या आसपास वीज लागते, एका स्विचवर (डेटाची वाट वळवणाऱ्या यंत्रावर) अशी ६४ मॉड्यूल लागतात; म्हणजे जवळजवळ हजार वॉट निव्वळ प्रकाशात जाण्यायेण्यासाठी. ही वीज वाचवायला आता ऑप्टिक्स मॉड्यूलमधून काढून थेट स्विचच्या चिपशेजारी एकाच पॅकेजात बसवण्याचा खटाटोप चालू आहे.

आणि तिथे गाठ पडते ती तुझ्या रिंगशी, म्हणजे ठरावीक तरंगलांब्याच पकडणाऱ्या चिपवरच्या वर्तुळाकार वाटेशी. तू सिम्युलेशनमध्ये तापमान एकच धरलं असशील. सिलिकॉनच्या रिंगचा रेझोनन्स, म्हणजे ती पकडते ती तरंगलांबी, अंशामागे साधारण ०.०७ ते ०.०८ नॅनोमीटर सरकतो. १५५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात १०० गिगाहर्ट्झचं अंतर म्हणजे ०.८ नॅनोमीटर. म्हणजे दहा अंशांनी चिप तापली की तुझी रिंग पूर्ण एक चॅनल ओलांडून शेजाऱ्याच्या घरात जाते, आणि शेजारी शेकडो वॉटची स्विच चिप बसलेली असताना दहा अंश म्हणजे काहीच नाही. वेव्हगाइडची (चिपवरच्या प्रकाशाच्या वाटेची) रुंदी कारखान्यात एका नॅनोमीटरने चुकली तरी रेझोनन्स साधारण तेवढ्याच नॅनोमीटरने हलतो. म्हणून प्रत्येक रिंगला हीटर हवा, हीटरला नियंत्रण हवं, नियंत्रणाला मोजमाप हवं, आणि या सगळ्याला पुन्हा वीज. शिवाय सिलिकॉन स्वतः प्रकाश देत नाही, त्याचा बँडगॅप अप्रत्यक्ष असतो. लेझर इंडियम फॉस्फाइडचा, तो बाहेरून आणून चिकटवायचा किंवा लांब थंड जागी ठेवून फायबरने प्रकाश आणायचा, कारण उष्णतेत लेझर लवकर म्हातारे होतात. फायबरमधल्या मोडचा (प्रकाशाच्या ठिपक्याचा) व्यास दहा मायक्रॉन, सिलिकॉनची वेव्हगाइड अर्धा मायक्रॉन रुंद आणि ०.२२ मायक्रॉन जाड. दोघांची तोंडं एकमेकांसमोर आणून, अर्ध्या मायक्रॉनच्याही आत अचूक, गोंदाने पक्की करायची आणि तो गोंद वर्षानुवर्षं हलता कामा नये. चिप बनवण्यापेक्षा ती पॅकेजमध्ये बसवून तपासण्याचा खर्च जास्त, असं पुष्कळदा होतं ते यामुळे.

माझं म्हणणं इथेच आहे. या क्षेत्रात सध्या खरी टंचाई नव्या कल्पनेची नाही, सांध्यांवर काम करणाऱ्या माणसांची आहे: प्रकाश जिथे विजेला भेटतो, काच जिथे सिलिकॉनला भेटते, आणि चिप जिथे मोजणाऱ्या यंत्राला भेटते. तुझे सिनिअर ज्याला टेस्टिंग म्हणून नाक मुरडतात, ते या तिसऱ्या सांध्यावरचं काम आहे.

त्यात काय असतं, एक नमुना देते. मॉड्यूल चांगलं आहे म्हणजे त्याचा त्रुटिदर ठरावीक मर्यादेखाली आहे. समजा अंतिम मर्यादा दहाचा उणे पंधरावा घात, म्हणजे हजार लाख कोटी बिटांमागे एक चूक, असं कंपनीला छातीठोक सांगायचंय. एकही चूक न दिसता ९५ टक्के खात्रीने हे म्हणायला त्या संख्येच्या तिप्पट बिट मोजावे लागतात. १०० गिगाबिटला तेवढे बिट जायला तीस हजार सेकंद लागतात, म्हणजे आठ तासांच्या वर, आणि तेही मॉड्यूलमधल्या एका लेनसाठी (डेटाच्या एका वाटेसाठी), एका तापमानाला. मॉड्यूल शून्य ते सत्तर अंशांपर्यंत तपासायचं असतं. मग कुणीतरी डोकं लावतं: त्रुटी दुरुस्त करण्याआधीचा दर मोजायचा, तो दहाच्या उणे चौथ्या घाताच्या आसपास असला तरी चालतो आणि तेवढ्या चुका काही मिलिसेकंदांतच भरपूर मिळतात, त्यावरून पुढचं अनुमान काढायचं. पण हे अनुमान चुका एकेकट्या विखुरलेल्या असतील तरच खरं. चुका झुंडीने येत असतील तर दुरुस्ती कोलमडते, आणि सरासरी दर बघणाऱ्याला ते कळतही नाही. झुंडी येतात का, कशामुळे येतात, कमीत कमी वेळात त्या कशा पकडायच्या? हे संशोधन नाही म्हणणाऱ्याने एकदा हे करून बघावं.

आणि बाकीचा वेळ कनेक्टर पुसण्यात जातो. हे मी चेष्टेने म्हणत नाही. सिंगल-मोड फायबरचा गाभा नऊएक मायक्रॉनचा. त्यावर चार मायक्रॉनचा धुळीचा कण बसला की मोजमाप कामातून गेलं. त्या गाभ्यातून १०० मिलिवॉट जात असतील तर तीव्रता चौरस सेंटिमीटरला शंभर किलोवॉटच्या वर जाते, कण तिथेच जळतो आणि काचेला कायमचा डाग देतो. शिवाय हिरवा कनेक्टर आठ अंशांत तासलेला, निळा सरळ. घाईत हिरव्याला निळा जोडला की मधे फट राहते, कित्येक डेसिबल उडतात, वर दोन्ही टोकांना ओरखडे. आधी सूक्ष्मदर्शक, मग पुसणं, पुन्हा सूक्ष्मदर्शक, मग जोडणं. ज्याने हे अंगवळणी पाडलेलं नाही त्याच्या पेपरमधल्या शेवटच्या अर्ध्या डेसिबलवर माझा विश्वास नसतो, मग पदवी कुठलीही असो. आणि फायबरच्या टोकात डोकावून "प्रकाश येतोय का" बघायचं नाही, कधीच नाही. १५५० नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही, डोळ्याचं नुकसान मात्र करू शकतो.

सिनिअरांच्या बोलण्यातही तथ्याचा अंश आहे, तो लपवत नाही. टेस्ट इंजिनिअर नावाखाली दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या असतात. एकीत तयार जिगमध्ये (चाचणीच्या साच्यात) मॉड्यूल खुपसायचं, बटण दाबायचं, पडद्यावर हिरवं किंवा लाल बघायचं आणि पुढचं घ्यायचं. तिथे दोन वर्षं गेली की दारं खरोखरच बंद होऊ लागतात, आणि ती बंद करायला कुणी लागत नाही, आपणच कंटाळतो. दुसरीत चाचणी काय असावी हे तू ठरवतेस, पायथनमध्ये यंत्रं हाकतेस, डिझाइनवाल्यांशी भांडतेस. दोन्हींचं पदनाम एक, जाहिरात एक, पगारातही फार फरक दिसणार नाही. ओळखायला एक प्रश्न पुरतो: नापास झालेल्या मॉड्यूलचं पुढे काय होतं? "दुसऱ्या विभागाकडे पाठवतो" असं उत्तर आलं तर सावध हो. "इथेच उघडतो, लेझर गेला की जोड सुटला की ड्रायव्हर बिघडला ते शोधतो, आणि टेस्टवाला त्यात बसतो" असं आलं तर ही नोकरी म्हणजे पगार मिळणारी प्रयोगशाळा आहे.

तेव्हा माझा कौल नोकरीला, पण त्या उत्तराच्या अटीवर. कारण साधं आहे. तुझा एम.एस्सी.चा प्रकल्प पडद्यावर झाला. पीएचडीचा विषयही, गाइडकडे प्रयोगाचा स्वतःचा बाक (यंत्रं मांडलेलं टेबल) नसेल तर, दुसऱ्या कुणाच्या डेटावर पडद्यावरच होईल. सहा-सात वर्षं प्रकाशाच्या क्षेत्रात राहून प्रकाशाला हात न लावलेली माणसं मी पाहिली आहेत. हुशार असतात, पण मुलाखतीत "हा आलेख असा का वाकला?" विचारलं की मॉडेलमध्ये उत्तर शोधत राहतात, आणि उत्तर बहुतेक वेळा वाकलेल्या फायबरमध्ये असतं. दोन-तीन वर्षं मोजमाप केलंस की पीएचडीला जाताना प्रश्न तू घेऊन जाशील, कुणी दिलेला घ्यावा लागणार नाही. आणि पीएचडी पुढेमागे करच, असंही सांगते. नवी उपकरणं डिझाइन करायची असतील, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात जायचं असेल किंवा शिकवायचं असेल, तर ती लागतेच. तिथे अनुभवाने भागत नाही.

गाइडच्या स्वतःच्या लॅबमध्ये बाक असेल, थिसिससाठीचा डेटा तिथेच घेतला जात असेल, तर पारडं बदलतं, मग पीएचडीला जा. गाइडला विचारण्यापेक्षा तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठ. ओसिलोस्कोप कुणाच्या ताब्यात असतो, तो मिळायला किती दिवस लागतात, यंत्र बिघडलं की काय होतं, आधीचे विद्यार्थी आता कुठे आहेत. चिपचं काम असलेल्या गटात जायचं झालं तर आणखी एक: फाउंड्रीच्या (चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या) सामायिक वेफरवर वर्षातून किती वेळा डिझाइन पाठवता? डिझाइन गेल्यापासून चिप हातात यायला कित्येक महिने लागतात, म्हणून अख्ख्या पीएचडीत दोन-तीनच फेऱ्या मिळतात, आणि पहिली बहुधा शिकण्यात जाते. जिथे एकही फेरी ठरलेली नाही तिथे "सिलिकॉन फोटॉनिक्स" हे नुसतं वेबसाइटवरचं नाव आहे.

भाव आहे तोवर सगळं ठीक, पण या क्षेत्राला एकदा जबर आपटी बसलेली आहे, तेही बोलायला हवं. १९९०च्या दशकाच्या शेवटी इंटरनेटच्या वाढीचे फुगवलेले अंदाज धरून कंपन्यांनी मैलोन्‌मैल फायबर पुरलं. त्याच सुमारास एकाच फायबरमध्ये अनेक तरंगलांब्या घालायचं तंत्र इतकं सुधारलं, की असलेलंच फायबर पुरून उरलं. २००१ नंतर बाजार कोसळला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या आणि पुरलेलं फायबर वर्षानुवर्षं अंधारात पडून राहिलं. आजची एआयची लाटही याच जातीची असू शकते. ती कधी ओसरेल याची तारीख मी सांगणार नाही, कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नकोस. पण त्या पडझडीत जे टिकले त्यांच्याकडे पाहिलं तर, ज्यांना लेझर, फायबर आणि गोंगाट मोजता येत होता ते दुसरीकडे सरकू शकले. डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणारी ओसीटी ही १९९१ मध्ये प्रकाशित झालेली पद्धत, तिच्यात तेच इंटरफेरोमीटर आणि तेच फायबर कपलर. जमिनीतल्या केबलला कान बनवणारी ध्वनिसंवेदना, वाहनांची लेझरने अंतर मोजणारी लायडार, प्रकाशकणांतून गुप्त किल्ली पाठवणारं क्वांटम की वितरण, सगळीकडे तीच हत्यारं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये नासाच्या साइकी यानाने ३ कोटी किलोमीटरवरून लेझरने सेकंदाला २६७ मेगाबिट वेगाने व्हिडिओ पाठवला, तोही १५५० नॅनोमीटरवरच, कारण या पट्ट्यातली साधनं टेलिकॉमने आधीच घासूनपुसून तयार ठेवलेली होती. आणि काचेचीही गोष्ट अगदीच संपलेली नाही. पोकळ गाभ्याच्या फायबरमध्ये, जिथे प्रकाश हवेतून जातो आणि म्हणून किलोमीटरला ४.९ ऐवजी ३.३ मायक्रोसेकंद घेतो, साउदॅम्प्टनच्या गटाने २०२५ मध्ये ०.०९१ डेसिबलचा ऱ्हास जाहीर केला. भरीव काचेला अर्धशतकात हे जमलेलं नाही.

विद्युतचुंबकत्वाची काळजी मला सगळ्यात कमी वाटते. पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला बसू नकोस, स्थिर विद्युतच्या प्रकरणातच उन्हाळा संपेल. या कामाला लागतो तो एक तुकडा: सीमेवर क्षेत्रं कशी जुळतात, त्यातून मोड कसा निघतो, आणि दोन मोड एकमेकांवर किती बसतात. तीन आठवड्यांत होण्यासारखं आहे. काचेत गाडलेला २२० नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉनचा अमर्याद थर घे, अपवर्तनांक ३.४८ आणि १.४४, १५५० नॅनोमीटर. त्याचा मूलभूत टीई मोड शोधणारा प्रोग्राम पायथनमध्ये स्वतः लिही, तयार सॉफ्टवेअर न वापरता. प्रभावी अपवर्तनांक २.८च्या जरा वर आला पाहिजे. मग दोन गॉसियन (घंटेच्या आकाराचे प्रकाशठिपके) घे, एक १०.४ मायक्रॉन व्यासाचा, दुसरा ३, आणि एकातून दुसऱ्यात किती प्रकाश शिरतो ते काढ: २८ टक्के येतील, म्हणजे साडेपाच डेसिबल गेले. आता दुसरा गॉसियन बाजूला एक मायक्रॉन सरकव, नंतर तिरका कर, आणि नुकसान कसं वाढतं त्याचा आलेख काढ. पॅकेजिंगवाले लोक रात्री का झोपत नाहीत हे त्या आलेखात आहे. शेवटी तुझ्याच रिंगला तापमान दे आणि रेझोनन्स मी वर सांगितला तेवढा सरकतो का बघ. नंतर मीप हे प्रकाशाचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर उघड, ते फुकट आहे, आणि तुझे आकडे त्याच्याशी ताडून पाहा. नेटवर्कच्या बाजूला कुतूहल असेल तर जीएनपाय हेही खुलं आहे. अख्ख्या लिंकमध्ये गोंगाट आणि विकृती कशा साठत जातात ते त्यात दिसतं. मुलाखतीत हा एवढा आलेख घेऊन गेलीस तर कुणी मॅक्सवेलची समीकरणं पाठ म्हणायला सांगणार नाही.

महिना हातात आहे. पहिल्या पंधरा दिवसांत दोन्ही जागी प्रत्यक्ष जाऊन ये. कंपनी टेस्ट फ्लोअर दाखवायला नाही म्हणाली तर निदान ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याच्याशी अर्धा तास बोलायला माग. गाइडला सरळ पत्र लिही, की एक-दोन वर्षं उद्योगात मोजमाप शिकून यायचं आहे, जागा पुढे ढकलता येईल का. निधी प्रकल्पाला बांधलेला असतो, त्यामुळे बहुधा नाही म्हणतील, पण असं पत्र लिहिणारी मुलगी लक्षात राहते आणि पुढे शिफारस मागायला ओळख उरते. नोकरी घेतलीस तर ऑप्टिका किंवा एसपीआयई या प्रकाशशास्त्राच्या संस्थांपैकी एकीचं सदस्यत्व चालू ठेव, दर वर्षी ओएफसी आणि ईसीओसी या फायबरच्या परिषदांमध्ये काय सादर झालं ते निदान चाळत जा. आणि कंपनीच्या करारातलं गोपनीयतेचं कलम सही करण्याआधी शब्दन्‌शब्द वाच: स्वतःच्या मोजमापांवर पेपर लिहायची परवानगी कोण देतं, किती दिवसांत देतं, आणि नोकरी सोडल्यावर किती काळ त्याच विषयावर संशोधन करता येत नाही. हे तोंडी विचारून भागवू नकोस, उत्तर ईमेलवर घे.